सिरियस पेशंटला वाचून दाखवायला जाणार असाल तर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर डिग्री) नाहीतर नर्सिंग करणारी पोरं बऱ्याचदा विचारतात की पेशंटला वाचून दाखवतात म्हणजे नक्की काय करतात आणि त्याला आवाज चांगला लागतो का. आवाजाचं एवढं काही नाही. आजारी माणसाला भेटायला येणारा जो तो विचारत असतो, कसं वाटतंय, जेवलात का, झोप लागली का, आणि उत्तरं देऊन देऊन तो दमलेला असतो. आपण वाचत असलो की त्याला काहीच बोलावं लागत नाही, तरी शेजारी माणूस असतं. माझ्या मते या कामाचं खरं मोल ते हेच. सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, त्या सांगायच्या की दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांच्या काळजीचं, देवाधर्माचं पण असतं. शरीराचं गोळीने कमी होतं, बाकीच्याला सोबतच लागते.

काय वाचायचं ते आपण घरून ठरवून जायचं नाही, सोलापुरात तर नाहीच. माढ्याकडचा शेतकरी असला तर त्याला आधी उजनी धरण किती टक्के भरलं ते पाहिजे, मग मार्केट यार्डातला कांद्याचा भाव, मग राहिलेला पेपर. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या आजी मराठी छान बोलतात, पण दुखायला लागलं की तेलुगूच कानावर पडावं वाटतं, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. आपल्याला येत नसेल तर सुनेला, नातवाला वाचायला बसवायचं आणि आपण बाजूला बसून राहायचं. निधनवार्ता वाच म्हणाले तर त्या पण वाचायच्या. विषय बदलायचा नाही, ओळखीचं कोण गेलं हे कळायचा त्यांना हक्क आहे.

वॉर्डात आधी सिस्टरांना विचारा, मग पेशंटला. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, लागण पटकन होते, त्यामुळे आपल्याला सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही, हात साबणाने धुवायचे, आणि वासाने मळमळतं म्हणून सेंट, गजरा नको. खुर्ची चांगल्या कानाच्या बाजूला घ्या. पंधरा-वीस मिनिटं बास. मॉर्फिन (दुखणं कमी करायचं जोरदार औषध) चालू असलं की मधेच डोळा लागतो, तेव्हा एकदम थांबू नका, आवाज हळूहळू उतरवा.

शुद्ध हरपत आलेली असली तरी नावाने हाक मारून सांगा की आता वाचतोय. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या पेशंटांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या होत्या, २०२० ला ते छापून आलं, त्यात काहीच हालचाल न करणाऱ्या काहींचा मेंदू पण आवाजाला प्रतिसाद देताना दिसला. म्हणून उशाशी बसून बिलाचं, वाटणीचं बोलू नका हे नातेवाईकांना पण सांगा, अगदी हात जोडून सांगा.

मी बरा होईन का असं विचारलं तर खोटा धीर द्यायचा नाही आणि फाइल बघून उत्तर तर अजिबात नाही, ऐकून घ्यायचं आणि सिस्टरांच्या कानावर घालायचं.

फक्त वाचनाची अशी नोकरीची जागा निघत नाही, एमएसडब्ल्यू करून दवाखान्यात समाजसेवेच्या जागेवर किंवा नर्सिंगमधून पॅलिएटिव्हकडे, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करायच्या सेवेकडे, गेलात तर त्या कामातच हे येतं. सुरुवात करायची तर सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटून परवानगी घ्या, आणि आठवड्यातला एकच वार धरा पण तो चुकवू नका, कारण पेशंट त्या वाराची वाट बघायला लागतात.