बार्डे-बीडल असलेल्या मुलाच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला निघण्याआधी

चष्मा, आधार कार्ड, डबा, पाणी हे वेगळं सांगायला नको. जुने फोटो घेतलेत का ते आधी बघा. छापील कागद नव्हेत, मूळ फाइल. मागच्या खेपेला आमच्या पिशवीत नुसते कागद होते आणि आधीच्या वर्षांशी तुलना करणं तिथेच थांबलं.

बार्डे-बीडल हा आनुवंशिक आजार, डोळ्यांबरोबर किडनी आणि वजनावरही परिणाम करणारा. त्यात पडद्यातल्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी झिजतात, दिवसा उपयोगी पडणाऱ्या नंतर. बऱ्याच मुलांना सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमाराला रात्रीचं दिसेनासं होऊ लागतं. पण वर्षभरात झीज किती झाली ते एका दिवसाच्या फोटोवरून कळत नाही. ओसीटीत, म्हणजे पडद्याचे छेद दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, त्याच्या थरांत एक उजळ रेघ दिसते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी जिथवर शाबूत आहेत तिथवर ती सलग असते, पुढे विरत जाते. मागच्या वेळेपेक्षा ती किती आखडली, हे डॉक्टरांना पाहायचं असतं. कागदावर बहुधा एक-दोन छेदच छापलेले असतात, यंत्रात मात्र कितीतरी असतात. त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो तर कुणाच्याच उपयोगाचा नाही.

म्हणून आठवडाभर आधी जुन्या दवाखान्यात फोन करा. केसपेपरचा नंबर आणि तारखा द्या आणि नीट सांगा: ओसीटी, ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो), फंडस फोटो (पडद्याचा साधा रंगीत फोटो), दोन्ही डोळ्यांचे, मूळ फाइल, डायकॉममध्ये (वैद्यकीय चित्रांच्या फाइलचा प्रकार) मिळाली तर उत्तम, पीडीएफ नको. "रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला" असं उत्तर आलं तरी फोन ठेवू नका. सीडी हातात आली की घरी उघडून बघा, एक प्रत लॅपटॉपवर ठेवा. काही ठिकाणी बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत, तेव्हा नवीन ठिकाणी फाइल कशी घेतात तेही आधीच विचारून ठेवा.

यंत्र कोणतं होतं तेही लिहून घ्या. दोन कंपन्यांच्या ओसीटींवरची पडद्याची जाडी सरळ वजा करून फरक काढता येत नाही. ऑटोफ्लुरोसन्ससाठी स्पेक्ट्रालिस हे यंत्र निळा प्रकाश वापरतं, ऑप्टॉसचं हिरवा, त्यामुळे चित्रंही वेगळी दिसतात. शक्य असेल तर दर वेळी त्याच यंत्रावर जा.

हे सगळं कशासाठी, असं नातेवाईक विचारतात, यावर औषधच नाही ना? पडद्याच्या आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेत 2017 साली जो जनुकोपचार मंजूर झाला, तो फक्त आरपीई65 या जनुकाच्या दोषासाठी आहे, आपल्या मुलांसाठी नाही. पण तिथेही पडद्यात जिवंत पेशी पुरेशा उरल्यात का हे बघूनच उपचार देतात. उद्या आपल्यासाठी काही आलं तर पहिला प्रश्न हाच असेल. शिवाय अशा आजारांत कधी कधी पडद्याच्या मध्यभागी पाणी साठतं. ते ओसीटीत दिसतं आणि त्यावर आजही औषध आहे.

किडनीचं विसरू नका. ताजा क्रिएटिनिन आणि रक्तदाबाची नोंद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. हातातून रंग टोचून फोटो काढायचं निघालं तर तो रंग किडनीवाटे बाहेर पडतो हे ध्यानात ठेवा आणि तो खरंच हवा का ते विचारा. बऱ्याचदा साध्या ओसीटीवर भागतं. पडद्यात साठलेल्या पाण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या तर किडनीचं तिथल्या तिथे सांगा. गुंगी द्यायची वेळ आली तर वजन आणि झोपेतलं घोरणं भूलतज्ज्ञांना न विचारता सांगा. बाहुल्या मोठ्या करायच्या काही थेंबांत फिनाइलएफ्रिन असतं, म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर थेंब घालण्याआधीच बोला.

हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे बघण्याचा सराव घरी करून घ्या, दिवसातून दोन मिनिटं, टेबलाच्या कडेवर उशी ठेवून.

त्याच दिवशी ईआरजी (उजेडाला पडदा विजेचा किती प्रतिसाद देतो ते मोजणारी तपासणी) असेल तर क्रम पक्का करून घ्या: ईआरजी आधी, फ्लॅशचे फोटो नंतर. उलटं झालं तर साध्या उजेडात किमान अर्धा तास आणि मग अंधारात वीस मिनिटं बसावं लागतं. त्या अंधाऱ्या खोलीत तुम्हाला थोड्या वेळाने लाल दिव्यात आकार दिसायला लागतात, मुलाला काहीच दिसत नाही. कुणीतरी अचानक कपाळाला पट्टी चिकटवतं आणि ते दचकतं. प्रत्येक स्पर्शाआधी सांगायचं, "आता काकू गालाला हात लावणार आहेत." हे तंत्रज्ञांनाही सांगून ठेवा, बहुतेक जण ऐकतात.

सकाळची वेळ घ्या. थेंबांमुळे बाहुल्या काही तास मोठ्या राहतात, उन्हात डोळे दिपतात, आणि अंधार पडल्यावर या मुलांना स्टँडवर चालवत नेणं धोक्याचं आहे. टोपी, काळा चष्मा. परतीची गाडी उजेडातली.

जनुकाच्या तपासणीचा अहवाल, औषधांची यादी, भावंडं असतील तर त्यांच्या तपासणीबद्दल विचारायचा प्रश्न, हे सगळं एका फाइलमध्ये.

आणि निघण्याआधी, खुर्चीवरून उठण्याआधी, आज काढलेल्या फोटोंची मूळ फाइल मागा. "नंतर मेल करतो" म्हणाले तर थांबा. कागद घेऊन निघू नका.