हेरपटाची सुरुवात उलगडताना या चुका टाळा

'हेरपटाच्या सुरुवातीचं विश्लेषण करा' असा प्रश्न आला की रत्नागिरीतल्या माध्यम-अभ्यासाच्या मुलांच्या वह्यांत हमखास एक यादी सापडते: परदेशी शहर, अंधार, पिस्तूल, पाठलाग, धडधडतं संगीत. यादी बरोबर असते, पण ते विश्लेषण नव्हे. प्रत्येक खुणेपुढे विचारा, हिच्यामुळे प्रेक्षक काय गृहीत धरतो आणि त्याच्यापासून काय लपतं? हेरपटाचा सगळा खेळ कुणाला किती माहीत आहे यावर चालतो.

'द बोर्न आयडेंटिटी' (२००२) घ्या. रात्रीच्या समुद्रातून मच्छीमार एका बेशुद्ध माणसाला बोटीवर ओढून घेतात. इथे बहुतेक जण गोष्ट सांगत सुटतात: पाठीत गोळ्या, कातडीखाली बँक खात्याचा नंबर, गेलेली स्मृती. गोष्ट जरा थांबवा आणि कॅमेरा कुठे आहे ते पाहा. तो पाण्याखाली आहे. वर तरंगणारं शरीर म्हणजे नुसती काळी आकृती. चेहराच दिसत नाही. नाव हरवल्याचं पुढे कळतं, चित्राने ते आधीच सांगितलेलं असतं.

त्याच बोटीवर तो दोराला सफाईने गाठ मारतो, कुठे शिकलो हे त्याला आठवत नाही. नायकाचं कसब सुरुवातीलाच दाखवायचं हा हेरपटांतला रूढ संकेत इथे पाळलाय, पण गोळीबाराऐवजी गाठीतून. रत्नागिरीच्या मिरकरवाडा मच्छीमार बंदरातल्या तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) घरच्या मुलाला अशा गाठीमागचा सराव लगेच कळतो. हे निरीक्षण 'घरचं' म्हणून गाळू नका, माझ्या मते उत्तरातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

दुसरी मोठी चूक म्हणजे संकेताला नियम समजणं. बाँडपटांत बंदुकीच्या नळीतून दिसणारा नायक १९६२ पासून चित्रपटाच्या आरंभीच येत असे. 'कॅसिनो रोयाल'मध्ये (२००६) आधी कृष्णधवल प्रसंग येतो आणि ती नळी त्याच प्रसंगातल्या गोळीतून उगवते. 'संकेत मोडला' एवढं लिहून थांबू नका. या बाँडला ००७ चा दर्जा आत्ता कुठे मिळतोय, म्हणून खूणही त्याला कमावावी लागते, हे कारण लिहा.

सुरुवात कुठे संपते तेही आधी ठरवा, नाहीतर उत्तर अर्ध्या चित्रपटावर पसरतं.

तरीही अडलात, तर तेवढाच भाग आवाज बंद करून पाहा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. दोन्ही वेळी हाती आलेलं वेगवेगळ्या पानांवर लिहा आणि जिथे चित्र एक सांगतं नि आवाज दुसरंच, तिथून लिखाणाला सुरुवात करा.