तुमच्या नावावर दुसऱ्याचं आजारपण? या चुका टाळा

बँकेतून पैसे गेले की लगेच मेसेज येतो. आरोग्याच्या माहितीची चोरी मात्र कळते ती ऐन वेळी. ऑपरेशनची तारीख ठरलेली असते आणि बिलिंग काउंटरवर सांगतात, तुमच्या पॉलिसीची रक्कम संपली आहे. किंवा तुम्हाला कधी न झालेल्या मधुमेहाची नोंद दाखवून क्लेम अडवतात.

पहिली गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. आधार, पॉलिसी आणि डिस्चार्ज कार्ड आपण दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. फाइल्स त्याच्या कॉम्प्युटरवर तशाच पडून राहतात. निघण्यापूर्वी त्या डाउनलोडमधून आणि चॅटमधून समोर उभं राहून डिलीट करून घ्या. यात भिडेचं काही नाही. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

दुसरी चूक आपण चांगुलपणाने करतो. 'आपलाच माणूस आहे, अडचणीत आहे' म्हणून मेहुण्याला आपलं कार्ड वापरू देतो. ही सरळ फसवणूक आहे, पकडली गेली तर पॉलिसी रद्द होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे त्याचा रक्तगट, त्याची अ‍ॅलर्जी, त्याचं निदान तुमच्या नावाने हॉस्पिटलच्या नोंदीत बसतं. उद्या तुम्ही बेशुद्धावस्थेत तिथेच दाखल झालात, तर डॉक्टर तीच फाइल उघडणार.

पॉलिसीवर मोबाइल नंबर कोणाचा आहे, हे आजच बघा. अनेकदा एजंट स्वतःचाच टाकून मोकळा होतो, मग क्लेमचा मेसेज आणि ओटीपी तुमच्यापर्यंत पोचतच नाही. सरकारी योजनांतही हा घोळ आहे: आयुष्मान भारतच्या 2023 च्या कॅग (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच नंबरशी जोडलेले आढळले होते.

फुकट तपासणी शिबिरात रक्तदाब मोजायला आधार आणि अंगठा कशाला लागतो, हे विचारा. 'आयुष्मान कार्ड काढा' म्हणून आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) तर उघडूच नका.

न केलेल्या उपचाराचा मेसेज आलाच, तर 'चुकून आला असेल' म्हणून सोडू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) फोन करा, नंबर पॉलिसीवरूनच घ्या, गुगलवरून नाही. मग ईमेलने लेखी तक्रार करून त्या क्लेमचा नंबर, हॉस्पिटलचं नाव आणि तुमच्या नावावरच्या सर्व क्लेम्सची यादी मागा. आयुष्मान कार्ड असेल तर 14555 या हेल्पलाइनवर, पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या अ‍ॅपमध्ये कोणाकोणाला नोंदी बघायची संमती दिली आहे ते दिसतं, नको ती तिथेच रद्द करा.

कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. आणि क्लेम रद्द झाला म्हणून थांबू नका. त्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाला अर्ज देऊन चुकीचं निदान तुमच्या नावावरून काढायला सांगा. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या.