शेतावरच्या नव्या घरी पहिला वसंत: बागेची तयारी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मुळशी, भोर किंवा वाईच्या पश्चिम भागात शेतावर घर घेऊन माघ-फाल्गुनात राहायला आलेल्यांनी आधी एवढे ध्यानात घ्यावे, की येथील वसंत हा लागवडीचा मुख्य हंगाम नव्हे. पावसाळ्यात येथे भरपूर पाणी पडते, परंतु मुरमाड उतारावरून ते निघून जाते आणि पाडव्यानंतर अनेक विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणून तयारीची सुरुवात पाण्यापासून करावी आणि रोपवाटिकेची वाट सर्वांत शेवटी धरावी.

विहीर असल्यास दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी आणि आठवड्यातून एकदा ती वहीत तारखेसह नोंदवावी. एके दिवशी सकाळी पंप लावून पाणी बरेच खाली न्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते किती चढले ते पाहावे, कारण विहिरीत साठलेल्या पाण्यापेक्षा तिला असलेले झरे उन्हाळ्यात अधिक महत्त्वाचे ठरतात. कूपनलिकेसाठी 200 लिटरचे पिंप भरायला लागणारा वेळ मोजणे पुरेसे आहे; चार मिनिटांत भरले तर तासाला 3000 लिटर पाणी मिळते, मात्र हीच मोजणी एप्रिलमध्ये पुन्हा करावी. भाजीच्या वाफ्याला एप्रिल-मे महिन्यांत दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण 6 ते 8 लिटर पाणी लागते, म्हणजे दहा मीटर लांब-रुंद तुकड्याला रोज 600 ते 800 लिटर. घरचा वापर आणि जनावरांचे पाणी वजा करून मे महिन्यात जेवढे उरेल, तेवढ्याच क्षेत्राची आखणी करावी. फेब्रुवारीत भरलेली विहीर पाहून केलेली आखणी वैशाखात कोलमडते, आणि त्या वेळी फळे धरलेले वेल डोळ्यांदेखत सुकताना पाहण्यावाचून उपाय राहत नाही.

पाण्यापाठोपाठ माती. वाफे करण्यापूर्वी आणि कोणतेही खत घालण्यापूर्वी मातीचा नमुना घ्यावा. जागेत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे, साधारण वीतभर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहावे. बांधाजवळची, झाडाखालची आणि जुन्या उकिरड्याजवळची माती यात घेऊ नये. नमुना कापडी पिशवीत भरून गट क्रमांकाच्या चिठ्ठीसह जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. अहवालात सामू (मातीची आम्लता किंवा विम्लता, म्हणजे पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत येणारा कार्बन) आधी पाहावेत. चुनखडीचे प्रमाण जास्त निघाले तर लिंबूवर्गीय झाडांचा विचार थांबवावा, कारण अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

अहवाल येईपर्यंतचा काळ जुनी बाग ओळखण्यासाठी वापरावा, आणि माझ्या मते वसंतातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. या दिवसांत अर्धी बाग झोपलेली असते. हळद, सुरण, सोनटक्का, करटोली आणि कळलावी यांचे कंद जमिनीखाली असतात आणि वर त्यांची खूण बहुधा उरत नाही. पांढरा चाफा पानांवाचून उभा असतो आणि पांगारा, पळस यांच्या पाने झडलेल्या फांद्या फुले नसताना वाळल्यासारख्या दिसतात. त्यामुळे नवीन मालकाने सगळे रान एकदम नांगरून किंवा यंत्राने सपाट करून घेऊ नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. शेजारच्या वस्तीवरील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन एक फेरी मारावी आणि कोठे काय उगवते ते विचारून तेथे खुंट्या ठोकाव्यात. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, साग अशी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कुंपणाचा खर्चही सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्यावरच करावा.

पाणी पुरणार असेल तर पेरणी फेब्रुवारीतच, उशिरात उशिरा मार्चच्या सुरुवातीला उरकावी. पहिल्या वर्षासाठी भेंडी, गवार, चवळी आणि लाल माठ एवढे पुरे. भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात हळद्या रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला) बऱ्यापैकी तोंड देते आणि तिची तोडणी दीड-पावणेदोन महिन्यांत सुरू होते. गवारीची 'पुसा नवबहार' आजही भरवशाची आहे. काकडी आणि दोडका लावायचा मोह होतो, परंतु त्यांना उशीर झाला तर वाढत्या उष्णतेत नर फुले अधिक येतात आणि फळधारणा घटते. शेणखत काळे, भुसभुशीत आणि शेणाचा वास पूर्ण गेलेलेच घ्यावे. अर्धवट कुजलेल्या खतातून मुळे खाणाऱ्या हुमणी किडीच्या अळ्या आणि तणांचे बी शेतात येते.

या दिवसांत पडणारा पालापाचोळा जाळू नये. वाफ्यावर त्याचा चार बोटे जाड थर दिला तर पाण्याची बरीच बचत होते, आणि उरलेला पाला खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थरांनी कुजवावा. घरालगत मात्र त्याचे ढीग नसावेत. डोंगरावरील वणवे याच दिवसांत खाली उतरतात, म्हणून हद्दीच्या आतून तीन-चार मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवावा. जुने दगड, लाकडे किंवा कौलांचे ढीग हलवताना गमबूट घालावेत, हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे आणि सर्पदंशावरील प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवावे.

हत्यारांसाठी कुदळ, टिकाव, फावडे, पहार, खुरपी, विळा आणि घमेली एवढी खरेदी पुरे आहे. ठिबकचा संच पाण्याचा हिशेब झाल्यावर घ्यावा.

फळझाडे या वसंतात लावू नयेत, त्यांचे खड्डे मात्र एप्रिल-मे महिन्यांत घ्यावेत. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल, तर लिंबू व सीताफळासाठी दोन फुटांचे खड्डे पुरतात. वरची माती आणि खालचा मुरूम वेगवेगळा टाकावा, खड्डे कडक उन्हात तीन-चार आठवडे तापू द्यावेत आणि मृगापूर्वी वरची माती व शेणखत यांनी जमिनीपेक्षा थोडे उंच भरून घ्यावेत, म्हणजे पावसाने माती दबल्यावर रोपाच्या बुंध्याशी पाणी साचणार नाही. वळवाचा पहिला पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि साबणाच्या किंवा रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. त्याच सुमारास मिरची आणि वांग्याचे बी गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) टाकले, तर जुलैमध्ये लावणीसाठी घरचीच रोपे तयार होतात.