'गॅसचा प्रचंड साठा सापडला' ही बातमी कशी वाचायची

मधूनमधून बातमी येते की समुद्रात अमुक इतके टीसीएफ (ट्रिलियन क्युबिक फूट, म्हणजे लाख कोटी घनफूट) गॅस सापडला, आणि ग्रुपवर लगेच सुरू, आता सिलिंडर स्वस्त होणार का. पहिली गोष्ट, सिलिंडरमधला एलपीजी वेगळा, आपण बोलतोय ते नैसर्गिक गॅसबद्दल, म्हणजे पाइपने घरात येतो तो पीएनजी आणि गाड्यांचा सीएनजी.

आता आकडा. 1 टीसीएफ म्हणजे साधारण 28 बीसीएम (अब्ज घनमीटर) आणि देशाचा वर्षाचा वापर 70 बीसीएमच्या आसपास, त्यातला निम्म्याच्या आसपास बाहेरून एलएनजी म्हणून, म्हणजे थंड करून द्रवरूपात, जहाजाने येतो. म्हणजे 1 टीसीएफ देशाला जेमतेम पाच महिने पुरेल, आणि तोही एकदम थोडीच निघतो, पंधरा-वीस वर्षांत हळूहळू निघतो.

मग बघायचं की आकडा जमिनीखालच्या एकूण गॅसचा आहे की काढता येण्यासारख्या गॅसचा. इथेच सगळे फसतात. 2005 मध्ये गुजरात सरकारच्या जीएसपीसी या कंपनीच्या, आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी (केजी) खोऱ्यातल्या दीनदयाळ फील्डबद्दल 20 टीसीएफ जाहीर झालं होतं, नंतर जो विकास आराखडा मंजूर झाला त्यात आकडा दोनच्याही खाली, आणि 2017 ला ओएनजीसीने त्यातला 80 टक्के हिस्सा घेतला.

खरी परीक्षा रोजच्या उत्पादनाची, एमएमएससीएमडीमध्ये, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष घनमीटर. त्याच खोऱ्यातलं रिलायन्सचं केजी-डी6 बघा, 2002 ला शोध, 2009 ला उत्पादन, प्लॅन होता 80 चा, 2010 मध्ये 60 च्या वर गेलं आणि मग धाडकन घसरलं, विहिरींत पाणी आणि वाळू यायला लागली, दाब पडला. 2020 च्या फेब्रुवारीत ते जुनं फील्ड बंदच झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेजारचं आर-क्लस्टर सुरू झालं, मग सॅटेलाइट, मग 2023 ला एमजे ही तिथलीच फील्ड, आणि तिथलं उत्पादन परत 30 च्या आसपास आलं. शोध ते गॅस यात अशी सात-आठ वर्षं सहज जातात, खोल समुद्रात तर जास्तच, त्यामुळे 'पुढच्या वर्षी' असं कोणी लिहिलं असेल तर जरा थांबा.

पाइपलाइन आहे का तेही विचारा. आपल्या वसईसमोरचा बेसिन गॅस 1976 चा शोध, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो म्हणून हजिराला जाऊन साफ होतो आणि तिथून एचव्हीजे (हजिरा-विजयपूर-जगदीशपूर) लाइनने थेट उत्तर प्रदेशापर्यंत, ती लाइन नसती तर हा गॅस तिकडच्या खत कारखान्यांना मिळाला असता का?

शेवटी भाव. एप्रिल 2023 पासून ओएनजीसी, ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांच्या जुन्या फील्डच्या गॅसला कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के असं सूत्र आहे, वर कमाल मर्यादा. खोल समुद्राच्या गॅसला मर्यादा वेगळी आणि बरीच वरची, कारण तिथे विहीर खोदणंच महाग. नवीन शोध खोल पाण्यातला असेल तर गॅस मिळेल पण स्वस्त नाही मिळणार, हे धरून चाला. आणि हे सगळं तपासायला पीपीएसीच्या (पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारी विभागाच्या) साइटवर दर महिन्याचे उत्पादनाचे आणि आयातीचे आकडे असतात, बातमी आली की सहा महिन्यांनी तिथे जाऊन बघा.