एकेरी रेल्वेमार्गाची (दोन्ही दिशांना एकच रूळ) क्षमता काढताना सरासरीच्या नादी लागू नका

अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किमीचा मार्ग घ्या. कमाल वेग ताशी 110 किमी धरला की कॅल्क्युलेटर 2 तास 22 मिनिटं दाखवतो. हा आकडा कुणालाही देऊ नका. वेळापत्रक बुक्ड स्पीडवर बसतं, कमाल वेगाच्या साधारण 90 टक्के. झाले 2 तास 38 मिनिटं. दर थांब्याला ब्रेक आणि पुन्हा वेग घेणं यात डेमूचं (डिझेलवर चालणाऱ्या लोकलचं) सव्वा मिनिट जातं, शिवाय उभं राहायचं एक मिनिट. दहा थांबे धरले की तीन तास झालेच. इंजिनिअरिंग अलाउन्स (रुळांच्या कामांसाठी राखलेला वेळ) आणि क्रॉसिंग (समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणं) अजून बाकी आहेत. तीन तासांच्या प्रवासात समोरच्या सहा तासांतल्या गाड्या भेटतात, कारण तुम्ही निघता तेव्हा काही आधीच वाटेत असतात.

खरा घात होतो तो क्षमतेत, म्हणजे दिवसाला किती गाड्या जातील त्या आकड्यात. स्कॉटचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: दिवसाची 1440 मिनिटं भागिले (धावण्याचा वेळ + ब्लॉकचा वेळ, म्हणजे पुढच्या स्टेशनकडून गाडी सोडायची परवानगी घेण्यात जाणारा वेळ), गुणिले 0.7, कारण 30 टक्के वेळ हाती लागत नाही असं धरतात. पण धावण्याचा वेळ कुठला? सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या ब्लॉक सेक्शनचा (दोन स्टेशनांमधला तुकडा, ज्यात एका वेळी एकच गाडी असते), आणि तोही सगळ्यात संथ मालगाडीचा.

समजा सात सेक्शन 10 किमीचे आणि एक 18 चा आहे. भरलेली मालगाडी ताशी 36 किमीने जाते, ब्लॉकला 5 मिनिटं लागतात. सरासरी 11 किमी धरली तर दिवसाला 43 गाड्या निघतात. खरा हिशोब 18 किमीवर होतो: 30 अधिक 5, म्हणजे फक्त 28, दोन्ही दिशा मिळून. बाकीचे सात सेक्शन कितीही चांगले असोत, 29वी गाडी त्या एका सेक्शनमधून जाणार नाही. चढ असेल तर 12 किमीचा सेक्शनही 18 च्या सपाट सेक्शनइतकाच नडू शकतो, म्हणून अंतर बघू नका, मिनिटं बघा.

घाबरू नका, उपाय स्वस्त आहे. त्या 18 किमीच्या मधोमध एक क्रॉसिंग स्टेशन दिलं की सगळ्यात लांब सेक्शन 10 किमीचा उरतो आणि आकडा 46 वर जातो. दुहेरीकरणाचा प्रस्ताव लिहिण्याआधी हे करून बघा. लूपवर (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) वेगमर्यादा ताशी 30 किमी आहे की 15, तेही विचारा: 600 मीटरची मालगाडी आत यायला 30 ने 72 सेकंद लागतात, 15 ने दुप्पट.

सॉफ्टवेअर नंतर शिका. आधी सेक्शन कंट्रोलरशेजारी (कुठली गाडी कुठे थांबेल हे ठरवणाऱ्याशेजारी) बसून गाड्यांचा वेळ-अंतराचा चार्ट हाताने काढा. माझ्या मते या कामात त्याच्याइतका चांगला गुरू नाही. 'सरासरी 60 धरा' म्हणणाऱ्या साहेबांपासून मात्र सांभाळा.

आणि स्टेशनची जागा अलाइनमेंट (मार्गाची आखणी) ठरतानाच मागा. यार्डात (स्टेशनच्या रुळांच्या आवारात) चढ 1:400 पेक्षा, म्हणजे 400 मीटरला 1 मीटरपेक्षा, तीव्र चालत नाही. आज स्टेशन बांधायचं नसलं तरी तेवढा तुकडा मातीकामातच सपाट करून घ्या. गाड्या सुरू झाल्यावर भराव पुन्हा उकरू देत नाहीत.