आधी वजन, मग दम: चरबी उतरवायची तर आठवडा असा लावा

लातूरला एप्रिल लागला की नुसतं पंख्याखाली बसलं तरी बनियन भिजतं. त्यामुळे किती घाम निघाला यावरून व्यायाम मोजू नका. घामातून पाणी आणि मीठ जातं, आणि दोन तांबे पाणी प्यालं की काट्यावरचं वजन पुन्हा जागेवर येतं.

मी क्रीडाशिक्षिका आहे. शाळा भरायच्या आधी, पहाटे साडेपाचला, त्याच ग्राउंडवर मोठ्या माणसांची बॅच घेते. घर सांभाळणाऱ्या बायका, आडतीवरचे मुनीम, बँकेत दिवसभर बसून असणारे, रिटायर झालेले गुरुजी असे सगळे येतात. आल्या आल्या मागणी एकच: "मॅडम, पोट कमी करायचंय." त्यासाठी पळायला सगळे तयार असतात, वजन उचलायचं म्हटलं की मागं सरकतात. माझा हट्ट असा की आधी वजन उचला, मग दम लागेपर्यंत पळा, आणि तेही थोडंच पळा.

कारण साधं आहे. खर्चापेक्षा कमी खाल्लं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला काढतं. नुसतं पळून आणि उपाशी राहून पाच किलो उतरवले तर त्यात स्नायूही जातात, आणि काट्याला त्यातला फरक कळत नाही. वजन उचललं की स्नायू टिकायला मदत होते. जोरदार कार्डिओचं, म्हणजे दम लागणाऱ्या व्यायामाचं, काम वेगळं. त्यानं हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढते आणि थोड्या वेळात बऱ्यापैकी कॅलरी खर्च होतात. व्यायाम संपल्यावरही दिवसभर चरबी जळत राहते असं मोबाइलवर फार सांगतात. तसं होतं खरं, पण इतकं थोडं की अर्ध्या भाकरीत भरून निघतं. तेवढ्याच कॅलरी झपझप चालून खर्च केल्या तरी चरबी तितकीच उतरते. इंटरव्हलमुळे, म्हणजे थोडं जोरात, थोडं संथ असं आलटून-पालटून केल्यानं, वेळ वाचतो, आणि ज्याला सात वाजता डबा करायचाय त्याच्यासाठी तेच मोठं आहे.

दोन्ही एकत्र करताना एक धोका असतो. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे तीन गट तपासले: एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हींचा. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, शेवटच्या आठवड्यांत मात्र अडली आणि उतरायला लागली. त्यांचा व्यायाम फार कडक होता, जवळजवळ रोजचा. आपण तेवढं करत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण रोज रोज जोरात पळू नका आणि पळून दमलेल्या पायांनी वजन उचलू नका, एवढं त्यातून घ्या.

आठवडा असा लावा. सोमवारी आणि गुरुवारी आधी ताकद, त्यानंतर दहा-बारा मिनिटं इंटरव्हल. शनिवारी नुसतं इंटरव्हल. मधल्या दिवशी अर्धा-पाऊण तास चालणं, रविवारी आराम. अगदी नवीन असाल तर पहिला महिना इंटरव्हलच्या वाटेला जाऊ नका, फक्त ताकद आणि चालणं करा. बीपी, शुगर, छातीत दुखणं, गरोदरपण किंवा जुनं गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी जोरात पळणं धोक्याचं आहे, शुगर एकदम खाली येऊ शकते.

ताकदीसाठी जिमच पाहिजे असं नाही. लातूरकरांच्या घरात पाण्याचे कॅन असतातच. दहा लिटरचे, मुठीचे दोन कॅन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन किती वाढवलं याचा हिशेब आपोआप राहतो. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळतं, म्हणून झाकण घट्ट लावा आणि हालचाल सावकाश ठेवा. व्यायाम पाच आहेत: ओट्यावर टेकून उठायच्या बैठका, ओट्यावर हात ठेवून जोर, कंबरेतून वाकून कॅन उचलणं, वाकलेल्या स्थितीत कॅन पोटाकडं ओढणं, आणि दोन्ही हातांत कॅन घेऊन ताठ चालणं. शेवटचा सोडून प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये आठ ते बारा वेळा, मधे दीड-दोन मिनिटं थांबायचं. कॅन घेऊन चालायच्या मात्र ग्राउंडच्या एका बाजूएवढ्या तीन फेऱ्या.

या पाचांत कंबरेतून वाकणं सगळ्यात जास्त चुकतं. आपल्याकडच्या बायका जन्मभर वाकून काम करतात, खुरपणी करतात, घागरी उचलतात, पण पाठ कमानीसारखी गोल करून. म्हणून मी पहिल्या दिवशी कॅन देतच नाही, काठी देते. काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागं, एक कंबरेमागं. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता गुडघे किंचित मोडा आणि मागचं दार ढुंगणानं लोटायचं असल्यासारखं कंबर मागं न्या. तिन्हींपैकी एक जरी जागा काठीपासून सुटली तर पाठ वाकली, तिथंच थांबा आणि वर या. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की जमलं म्हणायचं. एक मावशी बरेच दिवस काठीच घेऊन होत्या. "मॅडम, आता तरी कॅन द्या की," म्हणायच्या. दिला तेव्हा पहिल्याच उचलीत पाठ सरळ होती.

प्रत्येक सेट आणखी दोन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबवा. तिन्ही सेट बारा-बारा वेळा सरळ पाठीनं झाले की पुढच्या वेळी कॅनमध्ये एक लिटर वाढवा आणि पुन्हा आठपासून सुरू करा. बैठका सोप्या झाल्या तर कॅन छातीशी धरून करा, जोर सोपे झाले तर ओट्यावरून पायरीवर, पायरीवरून जमिनीवर या. महिनोन्‌महिने तेच वजन तितक्याच वेळा उचललं तर ताकद पुढं सरकत नाही. वहीत लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही.

मग इंटरव्हल. तीस सेकंद जोरात, नव्वद सेकंद संथ चाल, असे सहा फेरे. आधी ताकद झालेली असते, त्यामुळे अंग गरमच असतं. शनिवारी मात्र आधी आठ-दहा मिनिटं चालून आणि हळू पळून घ्या. जोर किती लावायचा ते बोलून बघा. जोराच्या वेळी दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, आणि संथ चालीच्या शेवटी एक पूर्ण वाक्य नीट बोलता यावं. "लई दम लागलाय बघा" एवढं सलग म्हणता आलं की पुढचा फेरा घ्या, नाहीतर आणखी अर्धा मिनिट चाला. गुडघे दुखत असतील तर उड्या आणि दोरी नको, सायकल किंवा चढावर झपाझप चालणं पुरतं. तबाता नावाचा चार मिनिटांचा प्रकार सगळ्यांना हवा असतो. जपानी शास्त्रज्ञ इझुमी तबाता यांचा १९९६ चा अभ्यास व्यायामाच्या सायकलवर, फिट तरुणांवर, पार थकेपर्यंत केलेला होता. वीस सेकंद उड्या आणि दहा सेकंद विश्रांती एवढ्यानं तो तबाता होत नाही, आणि नवशिक्यानं त्याच्या मागं लागू नये.

एप्रिल-मेमध्ये फेरे सहाचे चार करा आणि सूर्य वर यायच्या आत संपवा. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला तर ताबडतोब सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी घ्या. त्या दिवशी पुन्हा सुरू करायचं नाही.

खाण्याशिवाय हे सगळं अर्धंच राहील. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दिवसाला चारशे-पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं, आणि तेवढंच बरं. भाकरी सोडू नका, तेलाकडं बघा. एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतात आणि आपल्या भाजीवरचा तवंग चांगला जाड असतो. प्रोटीन दिवसाला आपल्या वजनाच्या किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम ठेवा, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. पन्नास ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ११ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतं. लातूरची बाजारपेठ सोयाबीनवर चालते, पण ताटात सोयाबीनच्या वड्या क्वचित दिसतात. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन असतं आणि तेल आधीच काढलेलं असतं. त्या भिजवा, पिळा, आमटीत टाका. शेंगदाण्यातही प्रोटीन असतं, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, म्हणून चटणी चटणीएवढीच. एकादशीला साबुदाण्यावर असाल तर त्या दिवशी नुसतं चाला, इंटरव्हल दुसऱ्या दिवशी.

नुसत्या पोटाच्या व्यायामानं पोटावरची चरबी जात नाही. ती अंगभर मिळून उतरते, आणि कुठून आधी हे शरीर ठरवतं. त्यामुळे पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी रिकाम्या पोटी, बेंबीजवळ टेप लावून मापा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर कमरेचा घेर गेला की धोक्याची खूण मानतात. काटा थांबला आणि टेप आत सरकतोय, तर काही बदलू नका. दोन्ही महिनाभर थांबले, तर आधी तेल मोजा, मग रोजचं चालणं पंधरा मिनिटांनी वाढवा. इंटरव्हलचा चौथा दिवस घालू नका. लग्नसराईत किंवा पेरणीच्या धांदलीत आठवडा बुडाला तर परत आल्यावर कॅनमधून दोन लिटर काढा, चार फेरे करा आणि पुढच्या आठवड्यात जुन्या वजनावर या.